रोज हॉथॉर्न : असाध्य रोग्यांची सेविका

धर्मशाळा हा शब्द आमच्या वाचकांपैकीं लहानांसही माहीत आहे. आळंदीस, पंढरपुरास, नाशिकास ज्या घरांत वाटसरूनें रात्रीपुरती पाठ टेकावी, हातपाय धुवावे, आणि उजाडतांच पुढल्या मुक्कामास निघावें, तें घर म्हणजे धर्मशाळा. युरोपखंडांत मध्ययुगीं यात्रेकरूंसाठीं मठांच्या आश्रयानें अशींच घरें चालत व त्यांस हॉस्पिस असें म्हणत. एकोणिसाव्या शतकांत या जुन्या शब्दास एक नवा अर्थ प्राप्त झाला. ज्याच्या दुखण्यापुढें वैद्यांनीं हात टेकले आहेत, ज्याची वाट आतां थोडीच उरली आहे, त्याचा शेवटचा मुक्काम सुखाचा व्हावा म्हणून जें घर, तें हॉस्पिस. आयर्लंडांत डब्लिन शहरीं तेथील धर्मभगिनींनीं १८७९ सालीं असें घर उघडलें. अमेरिकेंत कर्करोगानें पीडलेल्या निर्धन माणसांसाठीं हें काम ज्या बाईनें आरंभिलें, तिचें चरित्र आज आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोजचा जन्म २० मे १८५१ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लेनॉक्स या गांवीं झाला. तिचे वडील नॅथॅनिएल हॉथॉर्न हे अमेरिकेंतील थोर कादंबरीकार. त्यांची ‘दि स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी रोजच्या जन्माच्या आदल्याच वर्षीं प्रसिद्ध होऊन त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें होतें. आई सोफिया ही चित्रकलेंत निपुण होती. थोरली बहीण उना, मधला भाऊ ज्यूलियन, आणि रोज हें शेंडेफळ. रोज दोन वर्षांची असतां वडिलांस इंग्लंडांतील लिव्हरपूल बंदरीं अमेरिकन सरकारचे वकील नेमण्यांत आलें आणि सगळें कुटुंब समुद्रापार गेलें. पुढें इटलींतही त्यांनीं कांहीं काळ काढला. १८६० सालीं मंडळी स्वदेशीं परतलीं, तेव्हां रोज नऊ वर्षांची होती. काँकर्ड गांवांतील त्यांच्या घराच्या आसपास इमर्सन, थोरो, अल्कॉट अशा नामवंतांचीं घरें होतीं. सारांश, विद्या व कीर्ति यांची उणीव तिला कधींच भासली नाहीं.

लिव्हरपूल येथील एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. रोज तेव्हां अगदीं लहान होती, आणि ही हकीकत तिला मागाहून कळली. हॉथॉर्न हे एकदां तेथील गरीबगृह पाहावयास गेले होते. गृहस्थ स्वभावानें अतिशय भिडस्त. परक्या माणसाचा स्पर्शही त्यांस नकोसा वाटे. तेथें एक रोगट, पू आलेल्या डोळ्यांचें, पाहवणार नाहीं असें मूल त्यांच्या मागें मागें फिरूं लागलें व त्यांच्या अंगरख्यास धरून राहिलें. तें रडेना, मागेना. केवळ आपल्यास कोणी उचलून घ्यावें एवढीच त्याची इच्छा, आणि हे गृहस्थ तें करतीलच असा त्याचा विश्वास. हॉथॉर्नसाहेब क्षणभर घुटमळले. मग त्यांनीं त्या मुलास उचलून छातीशीं धरलें. १८६३ सालीं त्यांनीं इंग्लंडविषयीं जें पुस्तक छापलें त्यांत ही गोष्ट आपल्याबरोबरच्या कोणा एका गृहस्थाची म्हणून घातली आहे. त्यांची खाजगी टिपणवही पुढें प्रसिद्ध झाली तेव्हां तो गृहस्थ म्हणजे ते स्वतःच, हें जगास कळलें. आपल्या वडिलांनीं लिहिलेल्या सर्व मजकुरांत ही हकीकत श्रेष्ठ आहे, असें रोजचें मत होतें. ज्या लेखकाच्या कादंबऱ्या विद्यालयांतून नेमल्या जातात, त्याच्या मुलीनें कादंबऱ्या बाजूस ठेवून हें एवढेंसें पान उचलावें, यांत तिचा पुढील मार्ग आम्हांस दिसतो.

१९ मे १८६४ रोजीं हॉथॉर्न वारले. दुसरे दिवशीं रोजचा तेरावा वाढदिवस होता. विधवा आईनें कांहीं वर्षें कशींबशीं काढून १८६८ सालीं मुलांसह जर्मनींत ड्रेस्डेन येथें बिऱ्हाड केलें. तेथें रोजची जॉर्ज पार्सन्स लॅथ्रॉप या तरुण अमेरिकन लेखकाशीं ओळख झाली. १८७१ च्या आरंभीं आई लंडन मुक्कामीं निवर्तली आणि त्याच वर्षीं, अवघ्या विसाव्या वर्षीं, रोजनें जॉर्जशीं विवाह केला. दोघेही लिहिणारीं, दोघेही मानी, आणि हातीं पैसा बेताचा. १८७६ सालीं त्यांस मुलगा झाला. फ्रान्सिस त्याचें नांव. तो चार वर्षांचा होऊन पांचवें चालू असतां, १८८१ सालीं, घटसर्पानें गेला. आज घटसर्पाची लस प्रत्येक तान्ह्या मुलास टोंचली जाते. त्या काळीं त्या रोगाला उतार नव्हता.

यापुढें लॅथ्रॉप यांचा संसार विसकटत गेला. जॉर्ज हे गुणी लेखक होते. ग्रंथकारांस त्यांच्या ग्रंथांवर कायद्यानें हक्क मिळावा म्हणून त्यांनीं पुष्कळ खटपट केली. पण मद्याच्या व्यसनानें त्यांस ग्रासलें. १८९१ सालीं उभयतांनीं रोमन कॅथॉलिक पंथाचा स्वीकार केला, तरी घरांतील दुःख मिटलें नाहीं. १८९५ सालीं धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीनें रोजबाई पतीपासून वेगळ्या झाल्या. कित्येक चरित्रकार या ठिकाणीं घाईघाईनें पान उलटतात. आम्हांस तसें करणें योग्य वाटत नाहीं. ज्या बाईनें पुढें शेंकडों परक्यांचीं दुखणीं काढलीं तिला आपल्या घरचें एक दुखणें बरें करतां आलें नाहीं, आणि त्याची टोंचणी तिला शेवटपर्यंत असावी, असें मानण्यास जागा आहे. कित्येक असेंही लिहितात कीं, मूल गेल्याच्या शोकांतून ही सेवा उपजली. परंतु मुलाच्या मृत्यूस व सेवेच्या आरंभास मध्यें पंधरा वर्षांचें अंतर आहे. त्या वर्षांत बाईंनीं कविता केल्या, गोष्टी लिहिल्या. १८८८ सालीं त्यांचा एक कवितासंग्रहही निघाला. माणसाचें मन एका धक्क्यानें वळतें असें नाहीं.

जें कारण आम्हांस अधिक सबळ दिसतें तें निराळें आहे. न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशीं जिची कविता कायमची जोडली गेली, ती एम्मा लॅझरस ही कवयित्री रोजबाईंच्या स्नेह्यांपैकीं होती. १८८७ सालीं, अडतिसाव्या वर्षीं, ती कर्करोगानें वारली. एम्मा श्रीमंताघरची, वैद्य, परिचारिका, मऊ अंथरूण, आप्तांची जाग, कशाचीही तिला वाण पडली नाहीं. कांहीं वर्षांनीं याच रोगानें पछाडलेल्या एका गरीब शिवणकाम करणाऱ्या बाईची हकीकत रोजबाईंच्या कानीं आली. तिची रवानगी नदींतील ब्लॅकवेल बेटावरच्या भिकारगृहांत झाली होती. रोग एकच, पण एकीच्या उशाशीं माणसें, आणि दुसरीच्या उशाशीं कोणी नाहीं. हा भेद बाईंच्या मनांत सलत राहिला.

त्या काळची वहिवाट येथें समजून घेतली पाहिजे. रुग्णालयांतील खाटा बऱ्या होणाऱ्यांसाठीं. ज्याचा रोग असाध्य ठरला त्याला तेथून निरोप मिळे. शिवाय कर्करोग हा स्पर्शानें जडतो अशी पुष्कळांची समजूत होती, म्हणून चाळींतले शेजारी, घरमालक, प्रसंगीं सख्खे नातलगही, अशा रोग्यास घरांत ठेवण्यास भीत. श्रीमंतास घर होतें. गरिबास उरे तें भिकारगृह. कर्करोग शिवल्यानें लागत नाहीं हें आज निश्चित ठाऊक आहे. तरी आमच्या इकडे अजूनही कित्येक घरांतून अशा रोग्याची ताटवाटी निराळी ठेवण्यांत येते, हें आमच्या वाचकांनीं पाहिलें असेल. आम्ही लहान असतां आमच्या वाड्यांत माजघरापलीकडील खोलींत एक आजी पडून असे. आम्हां मुलांस तिकडे फिरकूं देत नसत. जखमेस घाण येते असें कारण सांगत. दार किंचित् उघडें असे, आणि येतांजातां तिची नजर दाराकडे लागलेली दिसे. कोणी आंत जाऊन बसलें असतें तर तिच्या रोगांत तिळमात्र फरक पडला नसता, हें खरें. पण ती दाराकडे पाहत होती ती औषधासाठीं नव्हे, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

१८९६ च्या उन्हाळ्यांत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, रोजबाई न्यूयॉर्कच्या कर्करोग-रुग्णालयांत शुश्रूषा शिकण्यास दाखल झाल्या. तीन महिने त्यांनीं जखमा धुण्याचें व पट्ट्या बांधण्याचें काम शिकून घेतलें. पहिल्या दिवसांत किळसेनें जीव कासावीस होई, हें त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. शिक्षण आटोपल्यावर त्या आपल्या जुन्या वस्तींत परत गेल्या नाहींत. शहराच्या पूर्वेकडील अतिगरीब मोहल्ल्यांत, जेथें देशोदेशींचीं निर्वासित कुटुंबें एकेका खोलींत दाटीवाटीनें राहत, तेथें स्कॅमल स्ट्रीट नांवाच्या गल्लींत त्यांनीं भाड्यानें खोल्या घेतल्या. स्वतःच्या हातानें भिंतीस रंग दिला, जमीन घासली, आणि दार उघडें ठेवलें. शेजारपाजारचे रोगी जखमा बांधून घेण्यास येऊं लागले. ज्यांस येववत नसे त्यांच्या घरीं बाई जात. रुग्णालयांतून असाध्य म्हणून निरोप मिळालेली एक वृद्धा, जिच्या तोंडास कर्करोग झाला होता, तिला त्यांनीं आपल्याजवळच राहावयास आणलें.

यांत नेमकें अवघड काय होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. धाडस करून एकदां जखमेस हात लावणें फारसें कठीण नाहीं. तीच जखम उद्यां, परवां, सहा महिने, दिवसांतून दोनदां धुवावयाची, आणि ती बरी होणार नाहीं हें पक्कें ठाऊक असून धुवावयाची, हें कठीण. वैद्यास रोग हटल्याचें समाधान मिळतें, गुरूस शिष्य उत्तीर्ण झाल्याचें मिळतें. येथें तसलें कोणतेंच फळ नाहीं. शिवाय रोगी नेहमीं गोड बोलतो असेंही नाहीं. वेदनेनें माणूस चिडतो, संशय घेतो, वाढलेलें ताट दूर लोटतो.

आणि जखम धुणें हा तर कामाचा एकच भाग. रोग्याच्या तोंडास चव नसतां त्याला काय रुचेल हें पाहून रांधावयाचें. त्याचीं वस्त्रें, चादरी उकळावयाच्या. वैद्यास बोलावून आणावयाचें व त्यानें सांगितलेलें औषध वेळेवर द्यावयाचें. रोगी बाई असेल तर तिच्या मागें राहिलेल्या मुलांची सोय काय, भाडें कोण देणार, याची चौकशी करावयाची. ज्यास आपल्या धर्मगुरूची भेट हवी त्याला ती करून द्यावयाची. रात्रीं ज्यास झोंप येत नाहीं त्याच्याजवळ बसावयाचें. आणि हें सगळें चालण्यास पैसा लागतो, म्हणून दिव्याच्या उजेडांत वर्तमानपत्रांस व दात्यांस पत्रें लिहावयाचीं. प्रारंभीं हीं सर्व कामें एकट्या रोजबाईंच्या अंगावर होतीं. त्यांची लेखणी येथें उपयोगी पडली. १८९७ सालीं त्यांनीं वडिलांच्या आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्या लेखनानें पूर्वीं कीर्ति मिळवावयाची होती, त्यानेंच आतां पट्ट्या व दूध मिळवावयाचें.

एका माणसाच्यानें हें रेटणार नव्हतें. १८९७ च्या अखेरीस अ‍ॅलिस ह्यूबर नांवाची एक तरुण चित्रकार बाई चौकशीस आली. ती केंटकी प्रांतांतील एका डॉक्टरांची मुलगी. न्यूयॉर्कांत चित्रें काढून पोट भरीत असे. त्या कोंदट खोल्या, तो वास, ते चेहरे पाहून तिचें मन मागें फिरलें, तरी आठवड्यांतून थोडा वेळ मदतीस येण्याचें तिनें कबूल केलें. १८९८ च्या वसंतांत ती कायमचीच राहावयास आली. रोजबाई उत्साही, भावनाशील, उद्यांचा विचार न करतां आजच दार उघडणाऱ्या. अ‍ॅलिसबाई शांत, नेटक्या, हिशेबी. या दोघींचा स्वभाव एकसारखा असता तर तें काम वर्षभरांत बुडालें असतें, असें आम्हांस वाटतें. त्याच वर्षीं जॉर्ज लॅथ्रॉप वारले, आणि रोजबाईंचा मागील संसाराशीं उरलेला धागा तुटला.

१८९९ सालीं चेरी स्ट्रीटवर एक घर विकत घेण्यापुरता पैसा जमला. त्यास संत रोजचें नांव देण्यांत आलें. डोमिनिकन पंथाचे एक धर्मगुरू या दोघींस भेटत असत. त्यांच्या सल्ल्यानें ८ डिसेंबर १९०० रोजीं दोघींनीं व्रतें घेऊन एक नवा भगिनीसंघ स्थापिला. रोजबाईंचें नांव आतां मदर अल्फॉन्सा झालें. अ‍ॅलिसबाईंनीं सिस्टर रोज हें नांव घेतलें. पुढल्या वर्षीं शहराच्या उत्तरेस, वेस्टचेस्टर परगण्यांत, टेकडीवरचें एक मोठें लाकडी घर मिळालें. त्याला रोझरी हिल असें नांव दिलें. गल्लींतील खोलींत पडून असलेल्या रोग्यांस तेथें मोकळी हवा आणि झाडें दिसूं लागलीं. त्या गांवासच पुढें हॉथॉर्न हें नांव पडलें. मार्क ट्वेन हे विनोदी लेखक या कामाच्या साह्यकर्त्यांपैकीं होते.

या घरांचे नियम थोडेच, पण कडक. रोगी निर्धन असला पाहिजे व त्याचा रोग असाध्य असला पाहिजे. तो कोणत्या धर्माचा हें विचारावयाचें नाहीं. त्याच्याकडून, त्याच्या नातलगांकडून किंवा सरकारकडून एक पैसाही घ्यावयाचा नाहीं. जें स्वेच्छेनें येईल त्यावर चालवावयाचें. रोग्यावर नव्या औषधांचे प्रयोग होऊं द्यावयाचे नाहींत. आणि जखम पाहून सेविकेच्या मुद्रेवर किळस दिसतां कामा नये. हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत कठीण वाटतो, कारण रोग्याचें लक्ष आपल्या जखमेकडे नसतें, तें पाहणाऱ्याच्या चेहऱ्याकडे असतें. पैसे न घेण्याच्या नियमाबद्दल मात्र मतभेद होऊं शकेल. ज्याच्या पोराला दोन आणे देण्याची ऐपत आहे, त्याचे ते दोन आणे नाकारल्यानें त्याचा मान राहतो कीं जातो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पण बाईंचा हेतु उघड होता: पैसा शिरला कीं रोग्यारोग्यांत भेद शिरतो, आणि त्या भेदापासूनच तर त्यांनीं सुरुवात केली होती.

येथें थोडें विषयांतर करावें लागतें. रोजबाईंच्या घरांत सेवा उदंड होती, पण वेदना शमविण्याची विद्या त्या काळीं बाल्यावस्थेंत होती. ती कमतरता भरून काढली इंग्लंडांतील सिसिली सॉन्डर्स या बाईंनीं. १९१८ सालीं जन्मलेल्या या बाई प्रथम परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सोडावें लागलें तेव्हां रुग्णालयांत गरीब रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहणाऱ्या अधिकारी झाल्या. आणि मरणोन्मुख रोग्यांच्या वेदनेकडे वैद्यांचें लक्ष वेधावयाचें तर आपणच वैद्य झालें पाहिजे असें जाणून १९५७ सालीं डॉक्टर झाल्या. १९६७ सालीं दक्षिण लंडनांत त्यांनीं सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उघडलें. रोग्यानें कळवळून मागितल्यावर मॉर्फिन देण्यापेक्षां वेदना उठण्यापूर्वींच घड्याळाप्रमाणें ठराविक वेळीं द्यावें, हें त्यांनीं वैद्यांच्या गळीं उतरविलें. वेदना केवळ शरीराची नसते. तींत मागें राहणाऱ्यांची काळजी, एकटेपणा, आणि हें माझ्याच वांट्यास कां, हा प्रश्न, हीं सर्व मिसळलेलीं असतात, असें त्या शिकवीत. म्हणूनच तेथें एका माणसाऐवजीं एक मंडळी काम करूं लागली.

या मंडळींत कोणाचें काम काय, हें पालकांस माहीत असणें हिताचें आहे, कारण असा प्रसंग कोणत्या घरावर केव्हां येईल याचा नेम नाहीं. डॉक्टर वेदना, धाप, उलट्या, झोंप यांवर उपाय योजतो. रोग बरा करण्याचें आश्वासन तो देत नाहीं, आणि हें स्पष्ट सांगण्याचें अवघड कामही त्याचेंच. परिचारिका सर्वांत अधिक काळ रोग्याजवळ असते; औषध लागू पडलें कीं नाहीं, पाठीस व्रण पडूं लागले काय, हें तिच्याच दृष्टीस प्रथम येतें, आणि घरच्या माणसांस कूस कशी पालटावी, ओठ कसे ओले ठेवावे हें तीच शिकविते. समाजसेविका रोग्याच्या कागदपत्रांची, पैशाची, मुलांच्या शाळेची व घरांतील अबोल्याची वास्तपुस्त घेते. धर्मोपदेशक ऐकतो, उपदेश त्यानें मागितल्यासच करावा. स्वयंसेवक वाचून दाखवितो, पत्र लिहून देतो, किंवा रात्रंदिवस जागलेल्या मुलीस दोन तास झोंप घेतां यावी म्हणून तिच्या जागीं बसतो. आणि रोग्याचें कुटुंब हेंही या मंडळींतलेंच. तें पाहुणें नव्हे. ही सर्व मंडळी ठराविक दिवशीं एकत्र बसून प्रत्येक रोग्याविषयीं बोलतात, म्हणजे एकानें जें पाहिलें तें दुसऱ्यास कळतें. अमेरिकेंत १९८२ सालच्या कायद्यानें हॉस्पिसच्या खर्चास सरकारी विम्याचा आधार मिळाला; तेथील नियमांप्रमाणें मंडळींत डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक किंवा समुपदेशक, आणि धर्मोपदेशक किंवा तत्सम सल्लागार असावेच लागतात, रोगशुश्रूषेच्या तासांपैकीं निदान शेंकडा ५ तास स्वयंसेवकांनीं भरून काढावे लागतात, आणि रोगी गेल्यावर एक वर्षापर्यंत त्याच्या घरच्यांची विचारपूस करावी लागते. शेवटचें कलम आम्हांस फार आवडलें. आपल्या इकडे तेराव्यानंतर घर एकाएकीं रिकामें होतें, तें दुःख ज्यांनीं भोगिलें आहे त्यांस याचें मोल कळेल. आपल्या मुंबईंत वांद्र्यास १९८६ पासून ‘शांति आवेदना सदन’ हें कर्करोग्यांचें घर चालू झालें. भारतांतील या प्रकारचें तें पहिलें.

आतां पाहिलें असतां दिसून येईल कीं, या मंडळींतील बहुतेक सर्व कामें स्कॅमल स्ट्रीटच्या खोल्यांत एकाच बाईनें केलीं होतीं; फक्त तेव्हां त्यांस निरनिराळीं नांवें नव्हतीं, आणि निरनिराळे हातही नव्हते.

मदर अल्फॉन्सा पंचवीसांवर वर्षें हें काम चालवीत राहिल्या. १९१२ सालीं शहरांतील रोग्यांसाठीं नवी इमारत उभी राहिली. १९२५ सालीं, ज्या बोडन महाविद्यालयांतून त्यांचे वडील बरोबर शंभर वर्षांपूर्वीं पदवीधर झाले होते, त्यानेंच त्यांस सन्माननीय एम्. ए. पदवी दिली. वृद्धपणीं त्यांस एकच घोर होता. टेकडीवरचें घर लांकडाचें, आंत अंथरुणाला खिळलेलीं माणसें. आग लागली तर त्यांस बाहेर कोण काढणार? आगीपासून निर्भय अशी पक्की इमारत बांधण्यासाठीं पंचाहत्तराव्या वर्षींही त्या पत्रांमागून पत्रें लिहीत होत्या. ९ जुलै १९२६ रोजीं पहाटे त्या झोंपेंतच गेल्या. त्यांच्या आईबापांचा विवाह १८४२ सालीं याच तारखेस झाला होता. संघाची धुरा सिस्टर रोज, म्हणजे त्या चित्रकार अ‍ॅलिसबाई, यांनीं घेतली व १९४२ पर्यंत वाहिली. पक्की इमारतही पुरी झाली. २०२४ सालीं कॅथॉलिक धर्मसंस्थेनें मदर अल्फॉन्सा यांस पूजनीय ही पदवी दिली.

संघाची एक शाखा १९३९ सालीं जॉर्जिया प्रांतांत अटलांटा शहरीं निघाली होती. तेथें १९४९ सालीं तीन वर्षांची एक मुलगी आणण्यांत आली. तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूस गांठ वाढून एक डोळा गेला होता, आणि ती थोडेच महिने जगेल असा वैद्यांचा अंदाज होता. ती बारा वर्षांची होईपर्यंत जगली, व त्या घरांतील सर्व रोग्यांची लाडकी झाली. तिच्या मृत्यूनंतर भगिनींनीं तिच्या आठवणी लिहून काढल्या आणि त्याच प्रांतांत राहणाऱ्या फ्लॅनरी ओकॉनर या प्रसिद्ध कथालेखिकेकडे साह्यासाठीं पाठविल्या. ओकॉनरबाई स्वतः दीर्घ दुखण्यानें पीडलेल्या होत्या. त्यांनीं १९६१ सालीं निघालेल्या त्या पुस्तकास प्रस्तावना लिहिली, आणि तींत लिव्हरपूलच्या गरीबगृहांतील त्या मुलाची हकीकत सांगितली, ज्यास एका भिडस्त गृहस्थानें क्षणभर घुटमळून उचलून घेतलें होतें.